गावच्या जमिनीचा दावा : तालुक्याला वकील कसा निवडावा, पहिल्या भेटीला काय न्यावं?

पाणंद

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा घाईचा आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. वडील आता नाहीत. आई माझ्याजवळ ठाण्याला असते, बहीण लग्न होऊन मस्कतला. मागच्या आठवड्यात बेलिफ घरी येऊन समन्स देऊन गेला. सोबत दाव्याची प्रत आहे. वादी म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. प्रतिवादी आई, मी आणि बहीण.

त्याचं म्हणणं असं की बागायत आणि वरकस (हलकी डोंगरउताराची जमीन) मिळून सगळी जमीन काकांच्या एकट्याच्या मालकीची होती, सातबाऱ्यावर कायम त्यांचंच नाव होतं, त्यांच्यामागे ती त्यांच्या मुलांची झाली. आम्ही तिथे हरकत-अडथळा करू नये असा कायमचा मनाई हुकूम त्याला हवा आहे.

आमच्याकडून गोष्ट अशी : जमीन आजोबा कसत होते, कुळ कायद्यात ती त्यांना मिळाली, हे वडील नेहमी सांगत. घरात आमची खोली आहे, मे महिन्यात आम्ही तिथेच असतो. काका होते तोवर बागेतल्या कलमांचे पैसे दरवर्षी वडिलांकडे येत. कागद मात्र माझ्या हाती फार थोडे आहेत.

घरात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. ठाण्याचा वकील करावा की तालुक्याचा? तालुक्याचा केला तर शोधायचा कसा, तिथे तर वादीच्या ओळखी आमच्यापेक्षा जास्त? आणि पहिल्या भेटीला जाताना काय तयारी करावी म्हणजे भेट फुकट जाणार नाही?

काळा_कोट

पाणंद, मी वकील आहे, दुसऱ्या जिल्ह्यात दिवाणी कामं करतो. इथे लिहितोय ते तुमच्या वकिलाच्या सल्ल्याऐवजी नाही, त्यांच्यापर्यंत नीट पोहोचावं म्हणून.

आधी दोन गोष्टी समन्सवर बघा. हजर राहण्याची तारीख कोणती, आणि समन्स तुमच्या हातात कुठल्या दिवशी पडलं. दुसरी तारीख पाकिटावर पेनाने लिहून ठेवा आणि पाकीट टाकू नका. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायला समन्स बजावल्यापासून ३० दिवस असतात. कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, पण ती गृहीत धरून चालू नका. हजरच झाला नाहीत तर दावा एकतर्फा चालवण्याचा आदेश होतो, आणि तो उठवून घेण्यात पैसा आणि महिने दोन्ही जातात.

मग दाव्याच्या प्रतीमागे आणखी एक अर्ज जोडला आहे का ते बघा. मनाईच्या दाव्यात तो जवळजवळ नेहमी असतो, त्याला आम्ही निशाणी ५ चा अर्ज म्हणतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तात्पुरती मनाई मिळावी, असा तो अर्ज. खरी पहिली लढाई तिथेच होते. त्यावर तुमचं म्हणणं कैफियतीच्या कितीतरी आधी द्यावं लागू शकतं. कदाचित तुमचं म्हणणं ऐकायच्या आधीच तुरतातूर्त मनाई झाली असेल. ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा नंबर टाकलात की आतापर्यंतच्या तारखा आणि रोजनामा (कुठल्या तारखेला काय झालं त्याची नोंद) दिसेल. वकिलाला फोन करताना पहिलं वाक्य हेच असू द्या : समन्स अमुक तारखेला मिळालं, हजेरी अमुक तारखेला, निशाणी ५ आहे किंवा नाही. एवढ्यावर त्यांना कळतं की तुम्हाला आज भेटायचं की पुढच्या सोमवारी.

आणि भावाशी व्हॉट्सॲपवर वाद घालू नका. तुमचं प्रत्येक वाक्य उद्या कागद होऊन दाव्यात येईल.

गिरगावकर

माझं मत स्पष्ट आहे, वकील मुंबई-ठाण्याचाच करा. आमच्या आजोळच्या जमिनीत आम्ही तालुक्याचा केला होता. दोन्ही बाजूंचे वकील रोज एका टेबलावर चहा पिणारे. प्रत्येक वेळी पुढची तारीख. शेवटी आमच्या माणसाने समोरच्याच्या आकड्यावर तडजोड करायला लावली. बाहेरच्या माणसाला तिथे कोणाचं काही देणं-घेणं नसतं. शिवाय प्रकरण हायकोर्टात गेलं तर मुंबईचा वकील उपयोगी पडतो.

काळा_कोट

गिरगावकर, तुमचा अनुभव वाईट आहे आणि तसे वकील असतात, हे मी नाकारत नाही. पण चहावरून निष्कर्ष काढू नका. मी ज्याच्याविरुद्ध सकाळी तासभर उलटतपास घेतो त्याच्याच गाडीतून संध्याकाळी घरी येतो. उलट ज्या दोन वकिलांचं बोलणंच बंद आहे, त्यांच्यात साधी पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) द्यायची वेळ आली तरी पक्षकाराची एक तारीख जाते.

तारखांचं गणित बघा. दिवाणी दाव्यात बऱ्याच तारखा पाच मिनिटांच्या असतात. ठाण्याचा वकील त्या पाच मिनिटांसाठी रात्रीच्या गाडीने येणार आणि त्या दिवसाचे पैसे लावणार, किंवा येणारच नाही आणि तिथल्याच एखाद्या ज्युनिअरला उभं करणार, ज्याने तुमची फाइल उघडलेलीही नसेल. जमिनीच्या कामात तालुक्याच्या माणसाला ज्या गोष्टी माहीत असतात त्या पुस्तकात नसतात : कुठला रेकॉर्ड कुठल्या कपाटात आहे, मोजणीचा नंबर कधी लागेल, त्या गावात आणेवारी (हिश्शांचं प्रमाण) कशी लिहिली गेली.

हायकोर्टाचं म्हणाल तर तेही आता बदललं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे आहे. त्याआधी अपील लागतं ते जिल्हा न्यायालयात.

तुमच्या मूळ भीतीवर मात्र उपाय आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ज्या वकिलाने एका बाजूला सल्ला दिला किंवा तिचे कागद लिहून दिले, त्याला त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. त्यामुळे भेटीत बसल्याबरोबर, गोष्ट सांगायच्या आधी विचारा : वादीचं किंवा त्याच्या घरच्यांचं कुठलं काम तुम्ही केलंय का? त्याचा खरेदीदस्त, वारस नोंदीचा अर्ज, काहीही. नीट वकील या प्रश्नाने दुखावत नाही, स्वतःच विचारतो.

गिरगावकर

हायकोर्टाचं मान्य. तरी एक सुचवतो. वकील तालुक्याचा करा, पण कैफियतीचा मसुदा दाखल करण्याआधी मुंबईतल्या एखाद्या जाणत्या दिवाणी वकिलाला पैसे देऊन वाचायला द्या. एकदा कैफियत गेली की त्यातलं म्हणणं बदलणं सोपं नसतं. आमचं नुकसान तिथेच झालं.

माजी_सर्कल

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कोकणातच नोकरी झाली. पाणंद, तुमच्या भावाने लिहिलेलं "सातबाऱ्यावर कायम त्यांचंच नाव" हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

काकांच्या नावापुढे किंवा मागे "ए.कु.मॅ." अशी अक्षरं आहेत का ते शोधा. एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले की थोरल्या मुलाचं नाव लावायचं आणि बाकीचे भाऊ त्यात धरायचे, ही त्या काळातली सर्रास रीत होती. असं नाव लागलेला माणूस एकटा मालक नसतो, तो कुटुंबातर्फे असतो. आजच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर ती अक्षरं दिसली नाहीत तरी निराश होऊ नका. हस्तलिखितावर होती आणि नवीन उताऱ्यावर गळली, अशी उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून फक्त आजचा डिजिटल उतारा घेऊन वकिलाकडे जाऊ नका. तो १५ रुपयांत मिळतो, तो घ्याच, पण त्यावर न थांबता मागे चालत जा.

मागे कसं जायचं? सातबाऱ्यावर नावांच्या जवळ फेरफारांचे, म्हणजे नोंदीतल्या बदलांचे, नंबर असतात. त्यातला प्रत्येक नंबर ही एक गोष्ट आहे : कोण वारलं, कोण वारस दाखवले, कोणाचा जबाब झाला, नोंद कोणी प्रमाणित केली. आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा. त्यात वारस म्हणून तुमच्या वडिलांचं नाव लिहून शेवटी "थोरला मुलगा ए.कु.मॅ. म्हणून नाव दाखल" असा शेरा असेल, तर दाव्याचा पायाच हलतो. बरेच जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आले आहेत. तिथे न मिळालेले तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल अर्ज करून मिळतात. अर्जाची पोच घ्या.

दुसरं, कुळ कायदा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला जो कुळ म्हणून कसत होता तो कायद्याने खरेदीदार मानला गेला. मग त्या कायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे? आजोबांच्या असेल तर प्रश्न मोकळा. काकांच्या नावे असेल तर ३२ ग चं मूळ प्रकरण काढा. त्यातल्या जबाबात "आमचे वडील कसत होते, मी कुटुंबातर्फे" असं काका म्हणालेले असू शकतात. ही फाइल मागायला लोक विसरतात.

घराचं वेगळं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या. आईंकडे जुन्या ट्रंकेत असतील तर कुठलाही कागद फालतू समजू नका, मनीऑर्डरची पावतीसुद्धा.

एक तारतम्याची गोष्ट. फेरफार किंवा सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, ती महसुलासाठीची नोंद. हे तुमच्या भावाला लागू आहे तसं तुम्हालाही. म्हणून एकाच कागदावर सगळा भार टाकू नका.

अबोली

पाणंद, तुमच्या आईंसाठी लिहिते आहे.

वकील सापडत नसेल किंवा परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नाही. पुष्कळ बायकांना वाटतं की हे फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना. १५१०० या हेल्पलाइनवर चौकशी करता येते. माझ्या सासूबाईंचं काम असंच झालं. मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या, पण प्रत्येक तारखेला स्वतः उभ्या राहिल्या. फुकटचा म्हणजे कमी प्रतीचा, असं धरून चालू नका.

दुसरं, महाराष्ट्रात १९९४ पासून मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. उद्या तुम्ही उलटून वाटपाची मागणी केलीत तर आईंच्या आणि बहिणीच्या बाबतीत हे वकिलांना नक्की विचारा.

आणि पहिल्या भेटीला आईंना घेऊन जा. त्यांच्या नावाने समन्स आहे आणि लग्न होऊन त्या घरात त्या गेल्या आहेत. कुठल्या वर्षी कोणी काय बोललं, कोणासमोर पैसे दिले, हे त्यांना आठवतं. मुलगा बोलतो आणि आई कोपऱ्यात बसते, असं होऊ देऊ नका.

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. निशाणी ५ चा अर्ज आहे. ॲपवर बघितलं, तुरतातूर्त मनाई झालेली नाही, आधी आमचं म्हणणं मागवलं आहे. आजच्या सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. दिसत नाही. काका वारल्यानंतर २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत भावाने आपली वारस नोंद करून घेतलेली दिसते. जुने फेरफार शोधतोय.

अबोलीताई, तुम्ही म्हणालात म्हणून आईशी बसून बोललो, आणि एक गोष्ट कळली. १९९८ च्या सुमारास काकांना बँकेचं कर्ज हवं होतं तेव्हा वडिलांनी एका स्टॅम्पपेपरवर त्यांना काहीतरी लिहून दिलं होतं. "माझा हक्क नाही" अशा अर्थाचं असावं, असं आईला वाटतं. रजिस्टर ऑफिसात कोणी गेलं नव्हतं. दाव्यात या कागदाचा उल्लेख नाही. आमचे एक नातेवाईक म्हणतात, वकिलाला हे सांगूच नका, तालुक्यात बातमी फुटेल.

काळा_कोट

सांगा. पहिल्या दहा मिनिटांत सांगा.

पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ आहे. पुढे वकीलपत्र दिलं नाहीत तरी ते बंधन राहतं. संरक्षण नाही ते बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी सांगितलेल्या गोष्टींना किंवा वकील नेमल्यानंतर केलेल्या गुन्ह्याला, फसवणुकीला. तुमचं तसं काहीच नाही.

आता या कागदाला तुम्ही समजता तेवढं घाबरायचं कारण कदाचित नसेल. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो. नोंदणी नसेल तर त्या कागदाने हक्क सुटल्याचं सिद्ध करता येत नाही. पण सगळं कागदाच्या भाषेवर आहे. "आज मी हक्क सोडतो" असं लिहिलं असेल तर एक गोष्ट. "आमच्यात पूर्वीच तोंडी वाटप झालं, त्याची ही आठवण" असं असेल तर दुसरी, कारण झालेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या नुसत्या टिपणाला नोंदणी लागत नाही असं न्यायालयांनी म्हटलं आहे. म्हणून आईंना जेवढं आठवतं तेवढं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कोण हजर होतं, सही कुठे झाली, कर्ज कुठल्या बँकेचं. कर्जप्रकरणात तो कागद जोडलेला असू शकतो.

समजा तुम्ही तो लपवलात. वकिलांनी कैफियतीत लिहिलं की वडिलांनी कधीही काही लिहून दिलं नाही. मग उलटतपासात समोरच्याने तो कागद आईंच्या हातात दिला. त्यानंतर आईंच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही न्यायाधीशांचा विश्वास बसणार नाही. वकिलाला आधीच माहीत असतं तर त्याने कैफियत वेगळी लिहिली असती.

भावाच्या वारस नोंदीच्या फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करायला ६० दिवस असतात. ते उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज द्यावा लागेल. हाही प्रश्न वहीत लिहा.

रानवारा

मी वेगळं बोलतो, रागावू नका. आमच्या घरातला दावा वडिलांच्या पिढीत सुरू झाला आणि आमच्या पिढीत संपला. जमीन मिळाली, पण गावच्या घरी गणपतीला सगळे जमायचे ते बंद झालं. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की तडजोड होऊ शकते का आणि आपण कुठपर्यंत मागे येऊ शकतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील नाही, वादीला भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते. भावालाही कदाचित कोणीतरी भरीला घातलं असेल.

माजी_सर्कल

रानवारा, तडजोड व्हावी असं मलाही वाटतं. पण हातात कागद नसताना केलेली तडजोड म्हणजे समोरचा देईल ते घेणं. आधी फेरफार काढा, मग बोलणीला बसा. आणि तडजोडीत कुठल्या गटातला कुठला हिस्सा हे मोजणी नकाशासह ठरू द्या. "वरची बाजू तुझी, खालची माझी" असं लिहिलेल्या तडजोडींचे तंटे मी नोकरीभर ऐकले.

पाणंद

आई म्हणते, तिला कोर्ट नको आहे, पण नवऱ्याचं त्या घरात काहीच नव्हतं असं कागदावर लिहिलेलं तिला सहन होत नाही. त्यामुळे लढायचं नक्की. तडजोडीचं दार उघडं ठेवू.

दोन-तीन नावं मिळाली आहेत. त्यातून कसं निवडू? आणि फीचं कसं बोलायचं, मला फार अवघड वाटतं.

काळा_कोट

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे पाटी किंवा इंटरनेट बघून फार काही कळणार नाही. ज्याने नाव सुचवलं त्याला विचारा की तुमचं काम कसलं होतं. मोटार अपघातात भरपाई मिळवून देणारा उत्तम वकील ३२ ग च्या फाइलसमोर नवखा असू शकतो. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावाने शोधता येतं, त्यावरून त्यांची दिवाणी कामं किती चालू आहेत याचा अंदाज येतो. जमलं तर एक सकाळ त्या कोर्टात मागच्या बाकावर बसा, कोर्ट सर्वांना खुलं असतं. पुकारा झाल्यावर कोण फाइल उघडून बोलतो आणि कोण फक्त मुदतीचा अर्ज देतो, हे एका सकाळीत दिसतं. सनद (वकिलीचा परवाना) नंबर विचारायला संकोच नको, वकीलपत्रावर तो असतोच.

फी उघड विचारा. कोणी ठोक सांगतो, कोणी टप्प्याने : हजेरी आणि निशाणी ५, कैफियत, पुरावा, युक्तिवाद. मला टप्प्याची बरी वाटते, दोघांनाही हिशेब कळतो. टायपिंग, नकला, बेलिफाचा भत्ता, मोजणीची फी यात धरली आहे की वेगळी, आणि अपील लागलं तर काय, हेही विचारा. ठरलेलं एका कागदावर किंवा मेसेजवर लिहून घ्या, पैसे शक्यतो बँकेतून द्या. आणि "आता काही देऊ नका, जिंकलो की जमिनीतला तुकडा द्या" असं कोणी म्हणालं तर उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा घेणं वकिलाला मना आहे. कोकणातल्या जमिनींचे भाव चढल्यापासून हा प्रकार ऐकू येतो.

मूळ कागद पहिल्या भेटीत देऊन येऊ नका, दाखवा आणि झेरॉक्स द्या. पुढे कधी मूळ द्यावे लागले तर यादीवर सही घ्या. वकील बदलावा लागला आणि फी बाकी असली तरी त्यासाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. तरी ती वेळ न आलेली बरी.

भेटीसाठी दोन पानं तयार करा, जास्त नको. एकावर वंशावळ, आजोबांपासून आजपर्यंत, मृत्यूच्या तारखांसह. मुली गाळू नका. दुसऱ्यावर तारीखवार घटना. त्यात एक तारीख फार महत्त्वाची : "तुमचं इथे काही नाही" असं भावाने पहिल्यांदा कधी म्हटलं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या माणसाला हिश्शासाठी १२ वर्षांची मुदत असते, आणि ती वगळल्याचं कळल्यापासून मोजतात.

पाणंद

भेट झाली. आईला घेऊन गेलो होतो. तालुक्याच्याच एक वकीलबाई आहेत, बऱ्याच वर्षांच्या प्रॅक्टिसच्या. वादीच्या घरचं काम केलंय का हे मी विचारायच्या आत त्यांनीच दाव्यातली नावं वाचून सांगितलं की यांच्यापैकी कोणीही माझे पक्षकार नाहीत आणि नव्हते.

पहिला तासभर कायद्याचं काहीच बोलणं झालं नाही. त्यांनी वंशावळीचं पान समोर ठेवलं आणि आईला एकेका माणसाबद्दल विचारलं. वंशावळीत दोन आत्या आहेत, त्यातली एक वारली, तिची मुलं पनवेलला. दाव्यात आत्यांचा उल्लेखच नाही. बाईंनी तिथे पेन्सिलीने खूण केली. म्हणाल्या, जमीन आजोबांची निघाली तर याही हिस्सेदार, आणि आपण वाटपाचा प्रतिदावा केला तर यांना पक्षकार करावंच लागेल. म्हणजे तुमचा हिस्सा तुम्ही समजता तितका असेलच असं नाही, ही तयारी ठेवा. मला ते स्पष्ट बोलणं आवडलं.

१९९८ चा कागद आईने स्वतः सांगितला. बाई शांतपणे ऐकत होत्या. भाषा काय होती, सही मराठीत की इंग्रजीत, स्टॅम्प कोणी आणला, एवढंच विचारलं. नंतर म्हणाल्या, तो त्यांच्याकडे असेल तर निशाणी ५ च्या सुनावणीत येईल, आपण आधी त्यावर गप्प राहू पण खोटं एक अक्षर लिहिणार नाही.

कच्च्या बाजूही सांगितल्या. कसवणूक आणि कलमांची राखण वर्षानुवर्षं काकांच्या घराकडून आहे, ताब्याच्या प्रश्नावर हे आपल्याविरुद्ध जाईल. घरातली खोली, वीजमीटर, घरपट्टी यावर आपलं म्हणणं उभं करावं लागेल. आईकडच्या ट्रंकेत वडिलांनी भरलेल्या घरपट्टीच्या पावत्या सापडल्या आहेत, त्या बघून बाई पहिल्यांदा हसल्या.

फी टप्प्याने, कागदावर लिहून दिली. मसुदा बाहेरच्या वकिलाला दाखवला तर चालेल का, हे जरा भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, दाखवा, पण तारखेच्या तीन दिवस आधी परत द्या.

वकीलपत्रावर आईची आणि माझी सही झाली. बहिणीचं अडलं आहे. ती इतक्यात येऊ शकत नाही. आणि बाईंनी एक प्रश्न ठेवला : बहिणीचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे ना, हे तिला मी स्वतः फोनवर विचारणार. वेगळं असेल तर तिला वेगळा वकील लागेल.

दूरदेशी

पाणंद, बहिणीसाठी. मी दुबईहून हेच केलं आहे. आधी वकिलांकडून मुखत्यारपत्राचा मसुदा मागवा, इंटरनेटवरचा वापरू नका. त्यात दावा चालवणं, कैफियतीवर सही, तडजोड, विक्री हे अधिकार वेगवेगळे लिहिलेले असतात. बहिणीला विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तो काढून टाका, भावाबहिणीत पुढे प्रश्न नको. मग तिने मस्कतच्या भारतीय दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करायची, त्याची वेळ आधी घ्यावी लागते. मूळ कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचा मुद्रांक लावून घ्या. आमच्या ओळखीत एकाचं मुखत्यारपत्र या मुदतीवरून अडलं होतं.

काळा_कोट

बरोबर. एक भर घालतो. मुखत्यार कागदांवर सह्या करू शकतो, पण बहिणीला जे स्वतःला माहीत आहे त्याची साक्ष तिच्याऐवजी देऊ शकत नाही. तिची साक्ष लागणार असेल तर पुराव्याच्या टप्प्याला तिला यावं लागेल, किंवा व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी अर्ज करावा लागेल. आत्यांच्या मुलांशी वकीलबाईंना विचारूनच बोला. ती मंडळी तुमच्या बाजूची आहेत असं आत्ताच धरू नका.

माजी_सर्कल

फेरफार मिळाला का?

पाणंद

स्कॅनमध्ये एक मिळाला, पण अर्ध्या पानावर शाई पसरली आहे. आजोबांचं नाव आणि "मयत" एवढं वाचता येतं, खाली चार नावं असावीत असं दिसतं. मूळ पानाच्या नकलेसाठी तहसीलमध्ये अर्ज दिला, पोच घेतली. ३२ ग च्या प्रकरणाचाही अर्ज त्याच दिवशी दिला. वकीलबाईंच्या कारकुनाने प्रकरण कुठल्या वर्षाच्या गठ्ठ्यात असेल ते सांगितलं, मला एकट्याला ते कळलं नसतं. मुखत्यारपत्राचा मसुदा उद्या येतोय, बहिणीला पाठवतो. निशाणी ५ ची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

माजी_सर्कल

नकलेच्या अर्जात "संपूर्ण पान, शेरा रकान्यासह" असं लिहिलंय का बघा. नुसता उतारा दिला तर शेरा सुटतो, आणि ए.कु.मॅ. असलं तर बहुधा तिथेच असेल. लिहिलं नसेल तर उद्याच दुरुस्तीचा अर्ज द्या.